केळीच्या चिकाचे छाप

मला गळती सहन होत नाही. कुठे नळ टपकत असला तर मी भरल्या ताटावरून उठतो. दिपमाला म्हणते, तुझ्याशी नाही, मी एका प्लंबरशी लग्न केलंय. तिचं फार चुकत नाही. मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यातली शेतं हिंडायची, नळ्या अंथरायच्या, पाण्याचा दाब कुठे कमी पडतो ते शोधायचं, हाच माझा धंदा. पिंप्राळ्याच्या पुढे आम्ही घर बांधलं तेव्हा मागच्या बागेत मी आधी नळ्या टाकल्या आणि मग दिपमालाने झाडं लावली. जिथे झाड तिथे ड्रीपर, जिथे झाड नाही तिथे थेंबसुद्धा नाही. एवढं एक मी त्या बागेत कटाक्षाने पाळलं होतं.

बाग मात्र तिची. ती चित्रकलेची शिक्षिका होती. शाळा सोडली आणि छापचित्रांच्या मागे लागली. छापायला यंत्र हवं, ते परवडेना, म्हणून मी भंगारातून रसवंतीचा एक जुना चरक आणला, लेथवर त्याचे रूळ गुळगुळीत करून घेतले आणि मागच्या पडवीत बसवून दिला. उसाच्या जागी ती कागद घालायची. कागदावर पान, पानावर घोंगडीचा तुकडा, आणि चाक फिरवायचं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "योगी, आलं-लिंबू टाकू का?" दोघंही खूप हसलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात तिने शाई सोडली आणि केळीचा चीक घेतला. ती सावद्याची. तिच्या माहेरी केळीत काम करायचे कपडे वेगळे ठेवतात, कारण चिकाचा डाग कपडा फाटला तरी जात नाही. ताजा चीक पाण्यासारखा असतो, कागदावर लावला तर दिसतसुद्धा नाही. मग हवा लागते तसा तो पिवळट होतो, मग चहासारखा, आणि शेवटी काळा. दिपमालाला नेमकं तेच हवं होतं. आज छापलेलं चित्र आठवड्याभराने उमटणार! नाशिकच्या एका दालनाने तिला श्रावणानंतर प्रदर्शनासाठी जागा दिली होती, आयुष्यातलं पहिलंच प्रदर्शन, आणि ती झपाटल्यासारखी कामाला लागली होती. तिच्या वडिलांकडून दर आठवड्याला चिकाच्या बाटल्या यायच्या.

पहिला छाप लिंबाच्या डहाळीचा. तो उमटल्यावर मी चकित झालो. प्रत्येक शीर होती, काटे होते, एका पानावर नागअळीने काढलेली वेडीवाकडी रेघसुद्धा होती. मी म्हटलं, "हे छापलेलं नाही, हे झाडच काढून ठेवलंय." ती खूश झाली. मीही मनापासून बोललो होतो.

त्याच सुमारास शेजारचे रतनलालजी फाटकाशी आले. त्यांची डाळमिल आता मुलगा बघतो आणि ते सकाळभर गल्लीत फेऱ्या मारतात. आमच्या लिंबांचं लोणचं त्यांच्या पत्नी चंद्रकांताकाकू दरवर्षी घालायच्या, अर्धी बरणी आमच्याकडे यायची. मी झाडावरून चार लिंबं तोडून त्यांच्या हातात दिली.

"अरे वा योगेंद्रभाऊ, तुम्ही निंबू लावलं?" ते झाडाकडे बघत म्हणाले. "कधी? आम्हाला बोलले पण नाही."

वय झालं, असं मी धरून चाललो. घरात येऊन दिपमालाला गंमत म्हणून सांगितलं. ती कागद ओला करत होती. मान वर न करता म्हणाली, "खरंच रे, ते झाड कुणी लावलं? प्लॉटमध्ये आधीपासूनच होतं ना?"

ते झाड तिने लावलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून. मी तसं म्हणालो तर ती हसली आणि म्हणाली की मी दुसऱ्या कुठल्या तरी बायकोबद्दल बोलतोय.

पुढच्या आठवड्यात सकाळी व्हॉल्व सोडून मी बागेत फिरत होतो. कुंपणाजवळ कोरड्या मातीत ड्रीपर टपकत होते. तिथे लिंबू नव्हतं. खोड नव्हतं, खड्डा नव्हता, तोडल्याची खूण नव्हती. माती इतकी बसलेली होती की तिथे कधी कुदळ लागली असेल असं कुणी म्हटलं नसतं. फक्त नळीचा वेढा होता, झाडाच्या बुंध्याभोवती मी घालतो तसा, आणि आत काही नाही. मी उकिडवा बसून ते पाणी जिरताना बघत राहिलो.

"दिपमाला, लिंबू कुठे गेलं?"

"कुठलं लिंबू?"

मी तिला पडवीत नेलं आणि छाप दाखवला. तो आता काळा कुळकुळीत झाला होता. ती म्हणाली, ही डहाळी तर आमच्या सावद्याच्या मळ्यातली. बोलताना तिच्या चेहऱ्यावर जराही चलबिचल नव्हती. मग तिने माझ्या कपाळाला हात लावला. "धुळ्याच्या उन्हात डोक्याला काही न बांधता हिंडतोस. जरा पड."

मी पडलो, पण झोप लागली नाही. मी हिशेबी माणूस आहे. माणूस विसरतो हे मला मान्य आहे, मीसुद्धा विसरतो. पण मी रिकाम्या मातीला ड्रीपर लावत नाही.

त्यानंतर मोगरा गेला. आधी तिने विचारलं की हा वास कशाचा येतोय, मग विचारलं की हे झुडूप कुणी आणून लावलं, आणि मग तिथे नुसता ओला डाग राहिला. मग गुलबक्षी. प्रत्येक वेळी तसंच. छाप पिवळा असेपर्यंत सगळं ठीक. तो चहाच्या रंगावर आला की लोकांना झाड ओळखू येईनासं व्हायचं, डोळ्यांसमोर असूनही. आणि तो काळा पडला की झाड नाही. मलाच तेवढं का आठवत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. मी बागेतून फिरलो की पायांखाली जागोजागी चिखल लागायचा, आणि प्रत्येक ठिकाणी मला एक नाव माहीत असायचं.

कढीपत्त्याचा छाप मी फाडला. अजून पिवळट होता, म्हटलं फाडून टाकला तर झाड वाचेल. संध्याकाळी दिपमालाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "येताना बाजारातून कढीपत्ता आण रे, आपल्याकडे नाही." मी मागच्या दाराशी जाऊन पाहिलं. आपल्याकडे नव्हता.

म्हणजे फाडणं हा उपाय नव्हता. चीक धुऊन निघत नाही हे सावद्याचं शेंबडं पोरही सांगेल. राहिली हवा. हवा लागते म्हणून चीक काळा पडतो, तर हवाच लागू द्यायची नाही. जास्वंदीचा नवा छाप मी गुपचूप उचलला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चार इंची पाइपच्या तुकड्यात घातला आणि दोन्ही तोंडांना टोप्या लावून सोल्युशनने पक्क्या चिकटवल्या. पाणी जाणार नाही अशी जोडणी मी झोपेतही करतो, हवा कशी जाणार! मग वाट बघितली. आठवडा गेला, दुसरा गेला. जास्वंद जागेवर. दिपमाला रोज तिची फुलं देवाला घालत होती आणि म्हणत होती, "मी लावलेली, बघ किती फुलते." निदान दाब कुठे कमी पडतोय ते सापडलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पुन्हा एकदा कपाळाला हात लावला आणि म्हणाली, प्रदर्शन होऊ दे, मग आपण चांगल्या डॉक्टरकडे जाऊ. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

आषाढात पावसाने ओढ दिली. मी शिरपूरकडे कामाला गेलो होतो, परतलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. दिपमाला पडवीच्या पायरीवर माझी वाट बघत उभी होती. हात कोपरापर्यंत चिकट, केस कसेतरी बांधलेले, आणि डोळ्यांत असा आनंद की मला आमचं लग्न ठरलं ते दिवस आठवले.

"मधलं मोठं चित्र सापडलं," ती म्हणाली. "इतके दिवस कळत नव्हतं काय कमी पडतंय. बाग दाखवायची तर बाग लावणारे हात नकोत का?"

तिने कागद तिरका धरून उजेडासमोर केला. सरळ बघितलं तर कोरा होता. तिरका धरल्यावर दिसले ते दोन पंजे, बोटं फाकवलेली, तळहातावरच्या रेषांसकट. डाव्या अंगठ्यावर विळी लागल्याचा व्रणही होता.

मी पुढे झालो.

"हे मला दे."

"अजून ओलं आहे, योगी. हात नको लावूस."

मी हात लावला. तिच्या हातातून कागद ओढून घेतला. ओढाओढीत चिकाचं पातेलं कलंडलं आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटले. मी गुडघे टेकून कागदाची गुंडाळी करू लागलो. ती आधी ओरडली, मग रडायला लागली.

"तुला बघवत नाही," ती म्हणाली. "माझं नाव होतंय ते तुला बघवत नाही. सरळ सांग ना तसं."

"दिपमाला, तुझी आई तुला विसरेल. रस्त्यात दिसलीस तर ओळखणार नाही. आणि त्यानंतर तू नसशील. मी एकटा हिंडत बसेन, हिला कुठे बघितलं का विचारत, आणि लोक म्हणतील कोण ही?"

"तू वेडा झालायस."

"असेन. पण हे पाइपमध्ये जाणार."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी पाइप कापला, कागद आत सरकवला, टोप्या बसवल्या. एका सांध्यावर पुन्हा सोल्युशन फिरवलं, मग दुसऱ्यावर. फार वेळ वाकून बसल्याने पाठ धरली होती. भिंतीला हात टेकून उठलो, बादलीत हात धुतले आणि तो पाइप गच्चीवरच्या टाकीमागे नेऊन ठेवला. बरं वाटत होतं. तिला वाचवलं असं मला वाटलं.

ती माझ्याशी बोलेना. मी ते गृहीतच धरलं होतं. तिचा रुसवा लांबतो, एकदा तर नुसत्या रंगाच्या डब्यावरून पंधरवडा अबोला धरला होता. सकाळी ती माझ्यासमोर चहा ठेवायची आणि बागेत निघून जायची. पुढे पुढे एक कपच करू लागली, तेव्हा मी माझा मी करून घेऊ लागलो. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर बाजूला सरून म्हणाली, "जा तुम्ही." आम्ही दोघं लग्नाआधीपासून एकमेकांना अरे-तुरे करतो. हा टोमणा मला चांगलाच झोंबला. तिला राग काढायचा हक्क होता.

मी फक्त तिच्यावर नजर ठेवून होतो. रतनलालजी फाटकातून तिला "बेटा" म्हणून हाक मारतात का. सावद्याहून तिच्या आईचा फोन येतो का. येत होता, रोज येत होता. दोघी तासभर बोलायच्या आणि मी पलीकडच्या खोलीत बसून ते हसणं ऐकायचो. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, आणि सगळं घर धरणगावला जमतं. दिपमाला आधीच पोचली. माझा मोठा भाऊ चुडामण जळगावला आला होता, त्याच्या गाडीवर बसून गेली. मला सांगून गेली नाही. मी सकाळी घर बंद करताना पडवीत आलो. चरकाशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर माझा पंजा उमटला होता, त्या दिवशी दिसत नव्हता तो आता चांगला चहाच्या रंगाचा झालेला, कडेने काळपट. दिवाळीला रंगाचा एक हात मारावा लागणार, असं मनाशी म्हणालो. मग गच्चीवर जाऊन पाइप जागेवर आहे ना ते पाहिलं, टोप्या दाबून पाहिल्या, आणि निघालो. आईने मागे कधीतरी सांगितलं होतं की परसातली नळी गळतेय, म्हणून हत्यारांची पिशवी आणि नळीचं वेटोळं बरोबर घेतलं.

धरणगावला पोचलो तर घर भरलेलं. अंगण सारवलेलं, ओसरीवर बायका. मी आत शिरलो तसं एकदोघींनी डोक्यावरचे पदर सारखे केले. कुणी पाणी आणून दिलं. माझी आई तानुबाई आत गव्हाच्या परातीपुढे बसली होती, तिला हाक मारायला गेलो तेवढ्यात तिने हात वर करून थांबवलं. मोजणी चालू होती.

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू आमच्याकडे दुकानातून पायलीने आणून भागत नाहीत. घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून घ्यायची. नाव मोठ्याने घ्यायचं, मूठ परातीत सोडायची, वर चिमूटभर जास्त. पोटातल्या बाळाचीसुद्धा मूठ घेतात. ज्याच्या नावची मूठ नाही, तो घरचा नाही. रोट घरच्यांनीच खायचे असतात.

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. आता खरं कळणार होतं.

"चुडामणना नावनी," आई म्हणाली. गहू पडले.

"मोठी सुनना नावनी."

मग चुडामणच्या मुलांची नावं. मग आई थांबली, जरा आठवल्यासारखं केलं.

"दिपमालाना नावनी."

सव्वा मूठ. मी डोळे मिटले. टोप्या टिकल्या होत्या. हवा गेली नव्हती. आईला ती आठवत होती, भर घरात तिचं नाव मोठ्याने घेतलं गेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही. दिपमाला आईशेजारीच बसली होती, हातात सूप, नाकात नथ. तिच्याकडे बघून मी हसलो. तिने नजर खाली केली.

"बठ्ठास्ना नावे व्हयी ग्यात," सगळ्यांची नावं झाली म्हणून आईने परातीवर फडकं टाकलं.

मी थांबलो. चुडामणकडे पाहिलं, तो मोबाईल बघत होता.

"आई," मी म्हणालो. "माझं राहिलं."

आईने वर पाहिलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून पिशवीवर गेली, नळीच्या वेटोळ्यावर गेली. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"काय राहिनं भाऊ? नयी नीट व्हयी गयी ना?"

ती परसातल्या नळीचं विचारत होती. मी तळवा पाठीमागे नेऊन खांबाला घट्ट धरला.

दिपमाला सूप खाली ठेवून उठली.

"आई, ते केव्हाचे उन्हातून आलेत, नुसते उभेच आहेत," ती म्हणाली. "चहा टाकते त्यांना."

ती माझ्या अगदी जवळून गेली. तिच्या हातांना अजून केळीच्या चिकाचा वास होता. चुलीपाशी जाऊन तिने पातेलं ठेवलं, आणि वळून, परक्या माणसाशी बोलताना तिचा आवाज होतो तसा मऊ आवाज करून मला विचारलं,

"भाऊ, साखर चालते ना तुम्हाला?"